व्यापार करारातला कामगार: नागपूरच्या मिलपासून सुरू होणारी गोष्ट

गांधीसागर तलावाजवळ आज एम्प्रेस मॉल आहे. तिथंच १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. परदेशांशी व्यापार खुला करताना करारात कामगारांच्या हक्कांचं कलम हवं की नको, हा वाद आपल्याला जागतिकीकरणातला वाटतो. तो या मिलच्या काळापासूनचा आहे.

भारतातलं स्वस्त सूत आणि कापड इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना खुपू लागलं, तेव्हा इथल्या गिरण्यांना कायदा लावा म्हणून त्यांनी लंडनमध्ये जोर लावला. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी झाली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासच काम. नऊ तास! पण मुलांचा कळवळा दाखवणाऱ्या याच लँकेशायरसाठी १८९६ मध्ये देशी मिलच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला आणि १९२५ पर्यंत टिकला. ‘सोशल क्लॉज’, म्हणजे व्यापार करारातलं कामगार हक्कांचं कलम, म्हटलं की दिल्लीच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यामागे हा अनुभव आहे.

तरी कामगारांना संरक्षण दिलं तर धंदा बुडतो, हे मला पटत नाही. एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई आणि १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं आणि पीएफचा यायला १९५२. मिल मात्र भरभराटीत होती. अर्थात ही मालकाची दानत होती, कामगाराचा हक्क नव्हता. हक्क संघटनेतून येतो, आणि संघटनेतही मतभेद होते. १९२९ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आयटक या कामगार संघटनांच्या महासंघाचं अधिवेशन नागपुरातच भरलं. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या ब्रिटिशांच्या व्हिटली कमिशनवर बहिष्काराच्या मुद्द्यावरून कामगार नेते ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी तिथून बाहेर पडले.

जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या १९४८ च्या हवाना सनदेत न्याय्य श्रममानकांचं, म्हणजे कामगारांच्या किमान हक्कांचं, कलम होतं. ती सनद कधी अमलातच आली नाही. १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेनं श्रममानकं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे सोपवली आणि त्यांच्या आडून संरक्षणवाद नको, असंही लिहून ठेवलं. भारतासह विकसनशील देशांना हेच हवं होतं. १९९९ मध्ये याच संघटनेच्या सिएटलच्या परिषदेवेळी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी श्रममानकं मोडणाऱ्यांवर निर्बंधांची भाषा काढताच हे देश बिथरले.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली.

आता भारतानंच पवित्रा बदलला आहे. मार्च २०२४ मध्ये स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टनश्टाइनशी झालेल्या करारात कामगारांचा विषय आला, जुलै २०२५ च्या ब्रिटनशी झालेल्या करारात तर त्यावर प्रकरणच आहे. बाहेरच्यांना दिलेला हा शब्द नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरी औद्योगिक वसाहतींतल्या ठेकेदाराच्या हजेरीपटापर्यंत पोचायला हवा. तिथला पोरगा पगाराच्या दिवशी मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडतो आणि कापलेली रक्कम खात्यात भरली का, ते बघतो.