व्हीएनसीला पासवर्ड लावला की सगळं सुरक्षित?

व्हीएनसी म्हणजे दूरच्या संगणकाचा डेस्कटॉप आपल्या स्क्रीनवर पाहून चालवण्याची सोय. तिच्याबद्दल वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: टर्मिनलमधून व्हीएनसी व्ह्यूअर चालवला आणि त्याने पासवर्ड विचारला, म्हणजे पुढचं सगळं कूटबद्ध जातं.

असं वाटणं साहजिक आहे. पण व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पासवर्ड फक्त दार उघडतो. सर्व्हर, म्हणजे दूरच्या संगणकावरचा प्रोग्राम, 16 बाइटचं एक कोडं पाठवतो, व्ह्यूअर पासवर्डच्या आधारे त्याचं उत्तर देतो आणि कूटबद्धतेचं काम तिथेच संपतं. त्यानंतरची स्क्रीनची चित्रं, माउसच्या हालचाली आणि तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ उघडीच जाते. त्या डेस्कटॉपवर एखादा पासवर्ड टाइप केलात, तर तोही. शिवाय पासवर्डची पहिली 8 अक्षरंच मोजली जातात.

हे स्वतःच्या यंत्रावर पडताळता येतं. मूळ पद्धत चालू ठेवून बारा अक्षरी पासवर्ड ठेवा आणि पहिली आठच टाका, आत जाल. टायगरव्हीएनसी या व्हीएनसी प्रोग्रामचा व्ह्यूअर टर्मिनलमधून सुरू केलात, तर निवडलेली सुरक्षा पद्धत तिथेच छापतो. 'व्हीएनसी-ऑथ' (हीच ती मूळ पद्धत) एवढंच दिसलं तर जोडणी उघडी. टीएलएसचा, म्हणजे जोडणी कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीचा, उल्लेख असेल तर कूटबद्ध.

टीएलएस नसेल तर एसएसएचचा बोगदा वापरा, म्हणजे व्हीएनसीची जोडणी एसएसएच या कूटबद्ध जोडणीच्या आतून न्या; मला तोच सर्वांत भरवशाचा वाटतो. सर्व्हरला फक्त लोकलहोस्टवर (त्याच यंत्रावरून आलेल्या जोडण्यांसाठी) ऐकायला लावा, एसएसएचने पोर्ट 5901 आपल्या यंत्रावर आणा आणि व्ह्यूअरला 'लोकलहोस्ट:1' हा पत्ता द्या. पोर्ट म्हणजे 5900 अधिक डिस्प्ले क्रमांक (पत्त्यातल्या ':' नंतरचा आकडा), म्हणून 1 म्हणजे 5901.