हीव भरलं की कापरं सुटलं? शिव्हर आणि ट्रेंबल

जानेवारीतली रात्र. चिमूरकडचा एक शेतकरी गव्हाला पाणी देतोय, कारण या आठवड्यात लाईन रात्रीची आहे. पाय गार चिखलात, दातावर दात वाजतायत. तेवढ्यात धुऱ्यापलीकडून वाघाची डरकाळी येते. आपण दोन्ही वेळा म्हणू, तो थरथरत होता. इंग्रजीत मात्र चिखलात उभा होता तोवर शिव्हर, आणि डरकाळी ऐकली तेव्हा ट्रेंबल.

दहावीची मुलं इथे हमखास अडखळतात. मी त्यांना एवढंच विचारते: हीव भरलं की कापरं सुटलं? हीव भरलं तर शिव्हर. थंडीत स्नायू भराभर आकसतात आणि सैलावतात, त्यातून अंगात ऊब तयार होते. म्हणून शिव्हर विथ कोल्ड. हिवतापातही तेच होतं. ताप चढताना मेंदू शरीराचं तापमान आणखी वर न्यायला बघतो, म्हणून अंग भाजत असतानाही दोन गोधड्यांखाली हुडहुडी भरते. गडचिरोलीच्या पोरांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

कापरं सुटलं तर ट्रेंबल: विथ फिअर, विथ अँगर, विथ एक्साइटमेंट. भाषण करताना आवाज कापतो, रडू आवरताना ओठ थरथरतात, तेही ट्रेंबल. कंपवाताने हलणारे हातसुद्धा. एका मुलीने आजोबांबद्दल ‘हिज हँड्स शिव्हर’ लिहिलं होतं. वाचणाऱ्याला वाटेल, आजोबा थंडीने गारठलेत.

शेक दोन्हीकडे चालतो. शिवाय बाटली हलवायची, बोरीचं झाड हलवायचं, तर शेकच लागतो. ट्रेंबल दुसऱ्या कशाला हलवत नाही. शेक युवर हेड म्हणजे नकार, होकाराला नॉड. भीतीने कापणाऱ्याला इंग्रजीत झाडाच्या पानाची उपमा देतात, शेक लाइक अ लीफ. त्यांच्याकडे ॲस्पेन नावाचं झाड आहे, देठ चपटा असल्याने त्याचं पान जराशा वाऱ्याने थरथरतं. आपण पाराजवळचा पिंपळ डोळ्यांपुढे आणावा.

एक जागा मात्र हा नियम मोडते. सकाळी तोच शेतकरी धुऱ्यावर वाघाच्या पंजाचे ठसे बघतो आणि पाठीतून शिरशिरी जाते. कारण भीतीचं, तरी इंग्रजीत म्हणतात, अ शिव्हर रॅन डाउन हिज स्पाइन.