पहाटेचा गारठा आणि सहा आठवड्यांची पिल्ले

निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा ६-७ अंशांच्याही खाली जातो. त्याच दिवशी दुपारी तो २७-२८ अंशांवर असतो. परसातल्या कोंबडीच्या पिल्लांना खरा त्रास होतो तो एका दिवसात होणाऱ्या या वीस अंशांच्या फरकाचा. दुपारी उन्हात हुंदडणारे पिल्लू पाहून मालक निर्धास्त होतो आणि पहाटे चार ते सूर्योदय या वेळात ते कोपऱ्यात उबेसाठी एकमेकांवर चढलेल्या पिल्लांच्या ढिगाखाली गुदमरते.

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःचे तापमान नीट राखता येत नाही, म्हणून ब्रूडरमध्ये (पिल्लांना बल्बने ऊब देणाऱ्या कप्प्यात) पहिल्या आठवड्यात ३५ अंश आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी असा क्रम ठेवतात. पाठ, छाती आणि पोटावर पिसे पूर्ण भरायला पाच ते सहा आठवडे लागतात. थंडीच्या दिवसांत त्याआधी पिल्लू दिवसभर बाहेर सोडू नये. वय मोजण्यापेक्षा पिल्लू हातात घेऊन पोटाखालची पिसे चाचपून पाहावीत. पंखांची पिसे आधी येतात, त्यामुळे वरून पिल्लू तयार दिसते आणि पोट उघडेच असते.

बाहेरची सवय आठवडाभर आधीपासून लावावी. पाचव्या आठवड्यात आधी दिवसाचा बल्ब बंद करावा. मग दुपारी बाराच्या सुमारास तासभर बाहेर सोडावे आणि रोज तासाभराने वेळ वाढवावा. रात्रीचा बल्ब सर्वांत शेवटी काढायचा. थंडीच्या लाटेचा इशारा असेल किंवा नुकतीच लस दिली असेल, तर चार दिवस थांबावे. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास लासोटाचा, म्हणजे मानमोडी (राणीखेत) रोगावरच्या लशीचा, बूस्टर असतो, तो दिवस आणि बल्ब काढण्याचा दिवस एक येऊ देऊ नये.

सकाळी दव वाळल्याशिवाय खुराड्याचे दार उघडू नये. पिसांमध्ये अडकलेली हवा हीच पिल्लाची गोधडी. पिसे भिजली की ती हवा निघून जाते आणि उरलेले पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जाते. कोरडे पिल्लू १० अंशांत तग धरते, भिजलेले १८ अंशांतही काकडते. साधारण नऊनंतर सोडावे आणि सूर्य मावळण्याआधी आत घ्यावे. रानमांजरही अंधार-उजेडाच्या याच वेळांना हिंडते आणि मुंगूस तर दिवसाही, म्हणून खुराड्याला अर्धा इंची जाळी हवीच.

आता सर्वांत जास्त नुकसान करणाऱ्या चुकीकडे वळू. थंडी वाढली की खुराडे चारही बाजूंनी प्लास्टिकने गच्च बांधले जाते. विष्ठेत बहुतांश पाणीच असते, शिवाय प्रत्येक श्वासातून वाफ बाहेर पडते. ती कोंडली की जमिनीवर अंथरलेले भाताचे तूस ओले होते आणि ओल्या तुसातून अमोनिया सुटतो. अमोनियाने श्वासनलिकेतली धूळ-जंतू बाहेर ढकलणारी सूक्ष्म केसाळ झालर निकामी होते. मग पिल्ले शिंकू लागतात, डोळ्यांतून पाणी येते, आणि दोष थंडीला दिला जातो. पडदा खालून वर बांधावा. पिल्लांच्या उंचीवर झोत लागता कामा नये, पण छपराखाली सहा इंचांची फट रात्रभर उघडी हवी. उत्तर-पूर्वेचा वारा अडवून ही फट विरुद्ध बाजूला ठेवली की काम होते. आत वाकून नाक पिल्लांच्या उंचीवर न्या. डोळे चुरचुरले तर फट पुरेशी नाही.

जमिनीवर भाताचे तूस चार ते सहा इंच जाड हवे. मूठभर दाबून पाहावे: गोळा झाला आणि मूठ सोडल्यावर फुटला नाही, तर तेवढा भाग काढून टाकावा. ओल्या तुसावर नुसता चुना भुरभुरला तर अमोनिया आणखी उफाळतो. पाण्याचे भांडे विटेवर ठेवले की सांडलवंड कमी होते.

उबेसाठी बंद खुराड्यात कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बल्ब लावायचा तर साखळीने टांगावा आणि त्याला जाळीचे कवच द्यावे, वायरवर लोंबकळत सोडू नये. पिल्लांनी उबेखाली गर्दी केली तर ऊब कमी, दूर पळून चोची उघडल्या तर जास्त. सारखी विखुरलेली असली की ठीक. कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे गोल आडोसे लावल्यास ढीग होत नाही, आणि रात्री सहा आठवड्यांच्या पिल्लाला निदान एक चौरस फूट जागा मिळायला हवी.

संध्याकाळी आत घेताना मूठभर भरडलेला मका द्यावा, कारण रात्रभर पचन चालू राहिले की त्यातून ऊब मिळते. पहाटेचे पाणी मात्र कोमट असावे. फार थंड पाणी पिल्ले टाळतात, आणि पाणी टाळले की खाद्यही कमी होते.

एखादे पिल्लू गारठून आडवे पडलेले सापडले तर आधी कोरड्या फडक्याने पुसावे, मग बल्बखाली हळूहळू ऊब द्यावी. ते मान सावरून उभे राहीपर्यंत चोचीत पाणी घालू नये, कारण ते फुफ्फुसात जाते. उभे राहिले की कोमट गुळाच्या पाण्यात चोच बुडवावी. बाकी कळपात सोडायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन चांगले तापल्यावर.