कोणता स्नॅपशॉट? एलव्हीएमचा की बीटीआरएफएसचा?

"स्नॅपशॉट माउंट केला आणि लिनक्स मशीन आडवं झालं" अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, कोणता स्नॅपशॉट? "स्नॅपशॉट म्हणजे स्नॅपशॉट," असं उत्तर आलं की घोळ कुठे आहे ते कळतं. स्नॅपशॉट म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत. पण ती एलव्हीएम, म्हणजे डिस्कच्या जागेचे व्हॉल्यूम पाडणारा थर, घेतो की बीटीआरएफएस, म्हणजे त्यावर फाइल मांडून ठेवणारी फाइलसिस्टम, घेते यात फार फरक आहे.

बीटीआरएफएसचा स्वतःचा स्नॅपशॉट तुम्हाला ठाऊक असेलच. तो एक सबव्हॉल्यूम, म्हणजे वेगळा कप्पा, मूळ फाइलसिस्टमच्या पोटातच राहणारा. आतले नेस्टेड सबव्हॉल्यूम त्यात येत नाहीत, तिथे रिकामे फोल्डर दिसतात. बस.

एलव्हीएमचा स्नॅपशॉट खालच्या थरात बनतो. वरच्या फाइलसिस्टमला त्याचा पत्ताच नसतो. ब्लॉक जसेच्या तसे, म्हणून सुपरब्लॉकमधला (फाइलसिस्टमची स्वतःची माहिती असलेल्या ब्लॉकमधला) यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांकही तोच. एकाच आधार क्रमांकाचे दोघे रांगेत उभे! ईएक्सटी4 ही फाइलसिस्टम त्याकडे बघत नाही, मुकाट माउंट होते. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टम मात्र मूळ व्हॉल्यूम माउंट असेल तर डुप्लिकेट यूयूआयडी सांगून हटून बसते. लोक चिडतात, मला तो नकार फार आवडतो. माउंट करताना 'नोयूयूआयडी' पर्याय दिला की काम होतं.

खरी गोची बीटीआरएफएसची. ती अनेक डिस्कवर पसरू शकते, म्हणून कोणतं डिव्हाइस कोणत्या फाइलसिस्टमचं हे ती यूयूआयडीवरूनच ओळखते. तोच यूयूआयडी असलेला एलव्हीएम स्नॅपशॉट समोर आला की मूळ कोणतं आणि प्रत कोणती हे तिला कळेलच असं नाही. लिखाण भलत्याच ठिकाणी जाऊ शकतं. मग डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, 'ट्रान्सआयडी' (व्यवहार क्रमांक) जुळत नसल्याच्या ओळी येतात, फाइलसिस्टम सक्तीने रीड-ओन्ली होते, आणि ती रूट (जिच्यावरून सिस्टम चालते ती) असेल तर मशीन गेलंच म्हणायचं. कर्नल 6.7 पासून एका डिस्कवरच्या फाइलसिस्टमची प्रत तात्पुरत्या एफएसआयडीने, म्हणजे तात्पुरत्या ओळख क्रमांकाने, माउंट होते. अनेक डिस्क असतील तर ही सोय नाही. म्हणून माझा हट्ट: बीटीआरएफएस एलव्हीएमवर बसवली असली तरी स्नॅपशॉट बीटीआरएफएसचाच घ्या.

"रीड-ओन्ली माउंट केलं की धोका नाही" हाही एक लाडका गैरसमज. रीड-ओन्ली माउंट करतानाही ईएक्सटी4 आणि एक्सएफएस गरज पडली तर जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) रिप्ले करतात, म्हणजे डिव्हाइसवर लिहितात. ते नको असेल तर एक्सएफएसला 'नोरिकव्हरी' आणि ईएक्सटी4 ला 'नोलोड' द्या.

मशीन आडवं झालंच असेल तर लाइव्ह यूएसबीवरून उठवा आणि काहीही माउंट न करता आधी 'एलव्हीएस' (व्हॉल्यूमची यादी दाखवणारी आज्ञा) चालवा. साध्या, म्हणजे आधीच ठरावीक जागा दिलेल्या, स्नॅपशॉटची ती जागा 100 टक्के भरली असेल तर तो बाद झालाय, काढून टाका. बीटीआरएफएस असेल आणि स्नॅपशॉट शाबूत असेल तर आधी 'डीडी' या कॉपी करणाऱ्या आज्ञेने त्याची प्रत एका फाइलमध्ये घ्या, मग तो काढा, आणि त्यानंतरच मूळ व्हॉल्यूमला हात लावा. एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) यूयूआयडी लिहिला असेल तर तिथे एलव्हीएमचा पाथ टाका, नाहीतर बूट होताना स्नॅपशॉटच उचलला जाण्याची शक्यता असते.

आणि कृपा करून एक्सएफएसच्या स्नॅपशॉटला नवा यूयूआयडी देण्यासाठी तिच्या 'रिपेअर' टूलला 'एल' पर्याय लावून लॉग (म्हणजे तेच जर्नल) पुसू नका. लॉग शिल्लक आहे म्हणून यूयूआयडी बदलणारं टूल अडवतं. एकदा 'नोयूयूआयडी'ने माउंट करून अनमाउंट करा, लॉग रिप्ले होतो, मग द्या हवा तो यूयूआयडी.