बापाकडून लेकीला मिळणारे पट्टे

पट्टेदार प्लायमाउथ रॉक या वाणाच्या कोंबडीचं गळलेलं एखादं पीस उचला आणि उजेडाकडे धरा. काळा, करडट पांढरा, पुन्हा काळा असे आडवे पट्टे थेट देठापर्यंत उतरलेले दिसतील. चांगल्या पक्ष्यात ते सरळ आणि रेखीव असतात, त्वचेलगतच्या मऊ लवीतही असतात आणि पिसाचं टोक काळं असतं. पिसाचा शेंडा आधी तयार होतो, देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी. म्हणून प्रत्येक पट्टा हा त्या पक्ष्याच्या आयुष्यातल्या काही दिवसांचा हिशेब असतो. पीस वाढत असताना पक्षी आजारी पडला किंवा उपाशी राहिला, तर त्या जागी पीस विरळ आणि कमकुवत राहतं. ती रेघ वेगळी, हे पट्टे वेगळे.

वाढत्या पिसाच्या मुळाशी रंगपेशी असतात. तयार होणाऱ्या पिसात त्या मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य भरत जातात. पट्टेदार पक्ष्यात या पेशी अकाली पक्व होतात आणि नव्या पेशी पुरेशा तयार होण्याआधीच संपून जातात. पीस मात्र वाढतच असतं, ते रंगाविना वाढतं. काही काळाने साठ्यातून रंगपेशींची नवी तुकडी येते आणि पुन्हा काळा पट्टा सुरू होतो. या सगळ्याच्या मुळाशी सीडीकेएन२ए नावाच्या जनुकाच्या परिसरातले बदल आहेत, हे उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने २०१० मध्ये दाखवून दिलं. पेशींच्या विभाजनाला लगाम घालणारं हे जनुक माणसातही असतं. त्यात बिघाड असलेल्या काही कुटुंबांमध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. कोंबडीच्या पिसावरच्या नक्षीचा धागा तिथवर जाऊन पोचतो, याचं मला आजही नवल वाटतं.

पट्टे किती रेखीव उमटतील हे पीस किती वेगाने वाढतं त्यावरही ठरतं. डॉमिनिक हे अमेरिकेतलं जुनं वाण, तेही पट्टेदारच. पण त्याला पिसं लवकर फुटतात, त्यामुळे पट्टे धूसर आणि जरा वाकडेतिकडे असतात. प्लायमाउथ रॉकची पिसं सावकाश येतात आणि पट्टे धारदार उमटतात. दुरून ओळखायचं तर तुरा बघावा. डॉमिनिकचा तुरा गुलाबासारखा चपटा, प्लायमाउथ रॉकचा एकेरी, उभा. अमेरिकेत १८७४ साली कोंबड्यांच्या वाणांची पहिली प्रमाणित वर्णनं छापली गेली, त्यात ही दोन्ही वाणं होती.

आता मुख्य गोष्ट. पट्ट्यांचं जनुक झेड या लिंग-गुणसूत्रावर, म्हणजे पिल्लू नर की मादी हे ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. माणसात दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं पुरुषाकडे असतात, पक्ष्यांमध्ये ती मादीकडे असतात. कोंबड्याकडे दोन झेड, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडी आपल्या लेकीला डब्ल्यू देते आणि एकुलता एक झेड देते तो मुलाला. म्हणजे कोंबडी कितीही सुंदर पट्टेदार असली, तरी ते जनुक ती लेकीला देऊच शकत नाही. लेकीचे पट्टे येतात ते फक्त बापाकडून.

कोंबड्याकडे या जनुकाच्या दोन प्रती असल्याने त्याच्यात रंग दुप्पट अडतो. त्याच्या पिसावर काळं आणि पांढरं जवळपास सारख्या रुंदीचं असतं आणि तो दुरून फिका, चंदेरी दिसतो. कोंबडीत काळे पट्टे रुंद आणि पांढरे अरुंद, म्हणून ती गडद. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू तळहातावर घेतलं तरी हा फरक दिसतो. अंगावर काळी लव आणि डोक्यावर पांढरट ठिपका. ठिपका लहान आणि नीट कडेचा असेल, नडगीची पुढची बाजू काळसर असेल आणि बोटांशी ती एकदम पिवळी होत असेल, तर बहुधा मादी. ठिपका मोठा, पसरलेला, कडा विस्कटलेल्या आणि पाय सरसकट फिके असतील, तर नर. काही पिल्लं मधलीच निघतात. त्यांच्याबाबत घाई न करता पिसं येईपर्यंत थांबावं.

तांबडा, बिनपट्ट्यांचा कोंबडा आणि पट्टेदार कोंबडी यांची जोडी लावली, तर ही ओळख आणखी सोपी होते. आईचा झेड फक्त मुलांना मिळतो, म्हणून ठिपका फक्त नर पिल्लांच्या डोक्यावर येतो. माद्यांची डोकी काळी राहतात. पुढच्या पिढीत मात्र ही सोय टिकत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्पिलमन यांनी पट्ट्यांचा हा आडवळणाचा वारसा १९०८ मध्येच मांडला होता. फळमाशीचे पांढरे डोळेही असेच लिंग-गुणसूत्रावरून उतरतात, हा मॉर्गन यांचा प्रसिद्ध शोध १९१०चा, म्हणजे त्यानंतरचा. पुढे १९२०च्या दशकाअखेरीस केंब्रिजमध्ये पनेट आणि पीझ या आनुवंशशास्त्रज्ञांनी सोनेरी कॅम्पाइन आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉक यांच्या संकरातून कॅमबार हे वाण तयार केलं. त्याची पिल्लं दर पिढीत जन्मतःच नर-मादी ओळखता येतात.

कळपासाठी कोंबडा निवडताना हे सगळं कामाला येतं. तरणे कोंबडे बघताना नजर हटकून सर्वांत गडद पक्ष्यावर जाते, कारण तो माद्यांशी रंगात जुळतो. इथे सावध राहावं. वाण शुद्ध असल्याची खात्री नसेल, तर तो गडद कोंबडा एकच प्रत बाळगणारा संकरित असू शकतो. त्याच्या निम्म्या लेकी बिनपट्ट्यांच्या निघतील. पट्टेदार कळपात पूर्ण काळी तलंग, म्हणजे तरुण मादी, दिसली, तर तिच्या आईला बोल लावण्यात अर्थ नाही, बाप तपासावा.

प्रदर्शनांनी एक वेगळाच पेच उभा केला. तिथे नर आणि मादी यांचा रंग एकसारखा हवा, आणि जनुकं तर त्यांना वेगळं करतात. त्यावर हौशी पाळणाऱ्यांनी दोन वेगळ्या ओळी सांभाळायला सुरुवात केली. एका ओळीत देखणे नर मिळतात आणि त्यांच्या बहिणी फार गडद निघतात. दुसरीत देखण्या माद्या मिळतात आणि त्यांचे भाऊ फार फिके. या कामातल्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण ज्यांना अंडी आणि रूप दोन्ही हवं, त्यांनी एकच ओळ ठेवावी आणि नर फिका, मादी गडद हेच त्या वाणाचं खरं रूप मानावं. दोन ओळींत प्रत्येक पिढीत निम्मे पक्षी निव्वळ रंगापायी बाजूला पडतात, आणि त्यांत चांगल्या अंडी देणाऱ्याही असतात.

या वाणाची चांगली कोंबडी वर्षाला २००च्या आसपास तपकिरी अंडी देते. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यांतले जवळपास २० तास कवचात जातात आणि तपकिरी रंग अगदी शेवटी चढतो. अंडी देणाऱ्या पक्ष्याला खाद्यात साधारण १६ टक्के प्रथिनं, भरपूर कॅल्शियम आणि दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला, की ज्या कोंबडीला गरज आहे ती आपणहून खाते.

अंडी वाढवायची तर सर्वाधिक अंडी देणाऱ्या कोंबड्यांचीच पिल्लं काढावीत, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रात १८९८पासून अनेक वर्षं नेमकं हेच केलं गेलं, आणि तेही पट्टेदार प्लायमाउथ रॉकवरच. कोंबडी शिरली की दार आपोआप बंद होणारी खुराडी होती, त्यामुळे कोणी किती अंडी घातली याची चोख नोंद होती. पहिल्या वर्षी १६० किंवा जास्त अंडी देणाऱ्या माद्या आणि २०० किंवा जास्त अंडी देणाऱ्या आयांचे नर निवडले जात. तरी कळपाची सरासरी काही वाढली नाही. जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी या नोंदी तपासल्या. एखादी कोंबडी चांगल्या खाद्यामुळे, चांगल्या हवामानामुळेही जास्त अंडी देते, आणि त्यातलं फार थोडं लेकींमध्ये उतरतं. मग त्यांनी पक्षी निवडले ते त्यांच्या लेकींच्या नोंदी बघून, आणि उत्पादन वाढू लागलं.

कोंबडा स्वतः अंडी देत नाही. तरी पुढच्या पिढीचा निम्मा वारसा त्याचाच असतो, आणि त्याची परीक्षा त्याच्या बहिणी आणि लेकी यांच्याच वहीत होते. म्हणून प्रत्येक कोंबडीच्या पायात क्रमांकाचं कडं असावं आणि अंड्यांची नोंद रोज व्हावी. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. कोंबडा बदलला तर अंडी उबवायला ठेवण्याआधी तीनेक आठवडे जाऊ द्यावेत, कारण आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या शरीरात दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकून राहतं. एवढी काळजी घेतली नाही तर वहीत एका बापाचं नाव असतं आणि पिल्लं दुसऱ्याची.

जुन्या वाणांचं एक बळ असं, की हे पक्षी सावकाश वाढतात आणि वर्षानुवर्षं कामाचे राहतात. लेकींच्या पहिल्या वर्षाचा हिशेब हाती येईतो त्यांचा बाप दोन-अडीच वर्षांचा झालेला असतो. तोवर त्याला विकू नये. नोंदी चांगल्या निघाल्या, पट्टे सरळ उतरले, एकही काळी तलंग निघाली नाही, तर त्याच म्हाताऱ्याला पुन्हा निवडक कोंबड्यांत सोडावं.