शेख-प्रणयकादंबरी

वाळवंटी राज्याचा अरब सत्ताधीश नायक आणि बहुधा इंग्रज किंवा अमेरिकन नायिका यांच्या प्रेमावरची लोकप्रिय इंग्रजी कादंबरी. शेवटी दोघांचे लग्न होणार, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते; कुतूहल असते ते इतका ताठ माणूस वाकतो कसा याचे.

या प्रकाराचे मूळ ई. एम. हल या ब्रिटिश लेखिकेच्या ‘द शेख’ (१९१९) या कादंबरीत आहे. भावाने मुलासारखी वाढवलेली डायना मेयो फ्रेंच अंमलाखालच्या अल्जीरियातील बिस्क्रा गावाहून वाळवंटाच्या सफरीवर निघते आणि अहमद बेन हसन तिला पळवून नेतो. कादंबरीत तो तिच्यावर बलात्कार करतो आणि पुढे तीच त्याच्या प्रेमात पडते. आजच्या वाचकाला सर्वांत जास्त खटकते ते हेच. अखेरीस अहमद हा इंग्रज उमरावाचा आणि स्पॅनिश आईचा मुलगा निघतो. या खुलाशामुळे वंशभेदाची त्या काळची कुंपणे शाबूत राहतात आणि परक्याशी प्रेम केल्याचा थरारही पदरात पडतो. या कादंबरीवरच्या १९२१ च्या मूकपटात बलात्कार वगळला होता. रुडॉल्फ व्हॅलेंटिनोने रंगवलेला शेख इतका गाजला, की अमेरिकेत छानछोकी करणाऱ्या तरुणांनाच ‘शेख’ म्हणू लागले.

पुढे मिल्स अँड बून आणि हार्लेक्विन या प्रकाशनांनी या कथेचा साचा पक्का केला. लांबी सुमारे ५०,००० शब्द, म्हणजे दोनशेच्या आतबाहेर पाने. राज्य काल्पनिक, तेलाने गबर. नायक ऑक्सफर्ड किंवा हार्वर्डला शिकलेला, पुष्कळदा आई युरोपीय. नायिका परिचारिका, सचिव किंवा भूगर्भशास्त्रज्ञ. पळवून नेण्याची जागा आता बहुधा सोयीच्या लग्नाने, कराराने किंवा लपवून ठेवलेल्या मुलाने घेतली आहे. शेवटाच्या थोडे आधी मोठा गैरसमज होतो, नायिका निघून जाते आणि नायकाला तिच्यामागे यावे लागते. धर्म जवळपास गायब असतो. नमाज, रोजे, मशीद यांचा उल्लेख अपवादानेच येतो.

आकर्षणाचे इंगित बऱ्याच अंशी वाळवंटात आहे. तिथे शेजारी नाहीत, पोलीस नाहीत, परतीची गाडी नाही. वादळ आले की दोघे एका तंबूत. नायिका स्वतः तिथे आलेली नसते किंवा निघू शकत नसते, त्यामुळे इच्छेची जबाबदारी तिच्यावर येत नाही. सत्ता, पैसा, नोकरचाकर सगळे त्याच्याकडे असते आणि तरी माफी त्यालाच मागावी लागते. दुसरी गोष्ट निवेदनाची. जुन्या पुस्तकांत कथा फक्त नायिकेच्या नजरेतून सांगत, म्हणून शेखचा कठोरपणा कोडे बनून राही. नंतर त्याचेही मन उघडे झाले. त्यात हिंसा सौम्य झाली, पण गूढही बरेच ओसरले. प्राच्यवाद (पूर्वेकडे पाहण्याची पाश्चात्त्यांची साचेबंद नजर) आणि साम्राज्यवाद या अंगांनी हसू-मिंग तिओ (२०१२) आणि अमीरा जर्माकानी (२०१५) यांनी या कादंबऱ्यांचा अभ्यास केला आहे. २००१ नंतर पश्चिमेत अरब पुरुषाची प्रतिमा दहशतवाद्याची होत असतानाच हा प्रणयनायक तेजीत राहिला, हा त्यातला विलक्षण भाग.

मुंबई-पुण्याच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून मिल्स अँड बून मराठी घरांत कधीचेच पोहोचले. मात्र कोकणात आणि गोव्यात कित्येक घरांना आखात म्हणजे व्हिसा, नोकरी आणि दरमहा येणारे पैसे. तिथला वाचक राजवाड्यापेक्षा त्याच्या मुदपाकखान्यात कोण राबते, हे आधी विचारील.

तपशिलाच्या चुका नेहमीच्या आहेत. ‘शेख’ म्हणजे राजा नव्हे; मूळ अर्थ वडीलधारा, त्यावरून टोळीप्रमुख. बेदुइनांचा, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांचा, तंबू रेशमी नसतो, शेळीच्या काळ्या केसांचा विणलेला असतो. अरबस्तानातल्या उंटाला एकच वशिंड असते. आणि प्रेयसीला ‘हबीबी’ म्हणणारा शेख व्याकरणात नापास होतो: ते पुरुषाला उद्देशून, स्त्रीला म्हणायचे ‘हबीबती’.