तिसऱ्या दिवशीचा केस पेपर

दारू बंद करून तिसरा दिवस. हात थरथरताहेत, दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. अशा माणसापुढे प्रश्नावली येते. पटकन राग येतो? परिणामांचा विचार न करता वागता? आतून रिकामं वाटतं? तो सगळ्याला ‘हो’ म्हणतो आणि केस पेपरवर ‘व्यक्तिमत्त्व विकार’ असा शिक्का बसतो. हा शिक्का पुढे वर्षानुवर्षं त्याच्या फाइलसोबत फिरतो, म्हणून मला त्याची काळजी वाटते.

व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात रुजलेली वागण्याची घडण. मग आजचं निदान सहा महिन्यांनीही टिकायला हवं. व्यसनाच्या रुग्णांत घोडं अडतं ते इथेच. थापा, उसनवारी, मारामाऱ्या हे मूळ स्वभावातलं की तलफेपायी आलेलं? येल विद्यापीठात ब्रूस राउन्सव्हिल यांच्या गटाने १९९८ साली हाच प्रश्न धसाला लावला: व्यसनाशी निगडित लक्षणं एकदा धरून आणि एकदा वगळून निदान केलं. वगळणं म्हणायला सोपं. चौदाव्या वर्षापासून पिणाऱ्याला ‘न पिता कसे असता?’ विचारलं, तर तो काय सांगणार?

भर पडते ती उंबरठ्याची. बॉर्डरलाइन म्हणजे भावना आणि नाती सतत हेलकावे खाणारा व्यक्तिमत्त्व विकार; त्याच्या ९ निकषांपैकी ५ भरले की निदान होतं. सहा महिन्यांनी ४ च भरले तर विकार ‘गेला’, माणूस मात्र जवळपास तोच. आणि दोन तपासनिसांचं एकमत झालं म्हणून हुरळून जाऊ नये. दोघांनीही १०० पैकी कुठल्याही १० जणांवर डोळे मिटून शिक्का मारला, तरी सरासरी ८२ जणांबाबत त्यांचं मत जुळेल! जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ (kappa) हा आकडा असं योगायोगाचं एकमत वजा करतो.

सगळं खापर दारूवर फोडूनही चालणार नाही. काहींचा विकार व्यसन सुटल्यावरही तसाच राहतो आणि त्याला वेगळे उपचार लागतात. पण विकार स्वतःही बदलतो. अमेरिकेत मेरी झानारिनी यांनी बॉर्डरलाइनच्या २९० रुग्णांचा पाठपुरावा केला. १० वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी ओसरलेली राहिली. व्यसन नसलेले रुग्ण लवकर सावरले.

म्हणून निदानाशेजारी तारीख आणि शेवटचं पिणं कधी झालं, हे लिहायलाच हवं. अंगातली थरथर थांबून काही आठवडे गेले की पुन्हा मुलाखत घ्यावी. आणि भेटायला आलेल्या बहिणीला विचारावं: दारूच्या आधी, सातवी-आठवीत, हा कसा होता हो?